नावाड्याचा उजवा हात

पडद्यावर दोर आवळला गेला आणि नावाड्याचा हात गेला, तेव्हा तो डावा होता. मी खुर्चीत सावरून बसले. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. नावाडी काठावरच्या चिखलात पडलेला, नदी फुगलेली, होडी दोरासकट वाहून चाललेली, आणि त्याची डावी बाही कोपराखाली रिकामी. उजव्या हाताने तो चिखल मुठीत धरत होता. तो हात धडधाकट होता, बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ दिसत होती. माझ्या मांडीवर मंडळाने दिलेली शाल होती, शालीवर नारळ, आणि नारळावर माझा उजवा पंजा, ज्याला अंगठा सोडून काही नाही. नसलेली चार बोटं एकदम झोंबायला लागली. चाळीस वर्षं झाली तरी ती अधूनमधून झोंबतात, आणि झोंबतात ती मिरची लागल्यासारखीच. शेजारच्या बाईंनी वाकून विचारलं, "आजी, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही हो, डोळ्यात काहीतरी गेलं."

सिनेमातल्या एका माणसाचा कुठला हात गेला, याने कुणाचं काय बिघडतं? पण मी पन्नास वर्षं त्याचा उजवा हात गेला असंच धरून चालले होते, आणि त्यातली चाळीस वर्षं त्याच्या भरवशावर काढली होती. आज इथे पहिल्या रांगेत बसवलं होतं तेही त्याच्याचमुळे. आमच्या जुन्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे, तळाशी गाड्यांचा मजला आणि त्यावर मोकळी गच्ची. मंडळाने यंदा गच्चीवर तीन संध्याकाळी जिद्दीचे सिनेमे लावायचं ठरवलं. दहावीच्या मुलांना जरा जोर येईल, असं आमचा गौतम म्हणाला. गौतम मंडळाचा चिटणीस, बँकेत असतो, माझ्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला. तो मला विचारायला आला, "काकी, तुम्ही लहानपणी आम्हाला एका हाताने होडी चालवणाऱ्या माणसाचा सिनेमा सांगायचात, त्याचं नाव काय?" नाव मला कुठलं माहीत! मी नदी सांगितली, दोर सांगितला, शेवटचा पूर सांगितला. पंधरा दिवसांनी धावत आला. "काकी, सापडला! जुन्या सिनेमांच्या एका ग्रुपवर टाकलं होतं. प्रिंट खराब आहे, पण चालेल. दुसऱ्या दिवशी लावू, आणि सिनेमा संपल्यावर तुम्ही दोन शब्द बोला. तुमचा हात, तुमची अक्षरओळख, सगळं सांगा. पोरांना खरं माणूस बघू दे." मी हो म्हटलं. मला बोलायची हौस नव्हती. मला तो सिनेमा पुन्हा बघायचा होता, आणि बघून वर जाऊन एका माणसाला सांगायचा होता.

तो माणूस वर नवव्या मजल्यावर खाटेवर पडून होता. त्यांचं नाव कुशाबा. तोंडाने मी ते अजून घेत नाही, लिहिताना घेते. अक्षरं आली तेव्हा क-ख-ग झाल्यावर आपल्या मनाने लिहिलेला पहिला शब्द तोच होता. जे कधी उच्चारता आलं नाही ते पाटीवर पांढरंशुभ्र उमटलेलं बघून मी इकडेतिकडे बघितलं होतं, कुणी ऐकलं तर नाही ना. त्या कुशाबांना दोन महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं तरी कळतं. पण जेवणावरून त्यांनी हट्ट धरला होता. सुनेने, रुपालीने, घास दिला तर दोन-चार खायचे आणि तोंड मिटायचं. "दुसऱ्याच्या हातान किती दिवस?" व्यायाम शिकवायला मनवा नावाची मुलगी येते, ती डाव्या हातात चमचा द्यायची. चमचा पडायचा. पडू द्यायचे. तिसऱ्या दिवशी चमचा धरायलाच तयार होईनात. "ज्या हातान जल्मभर धुतलंय, त्या हातान जेवू?" मी म्हटलं, "मग मी इतकी वर्षं कुठच्या हातान जेवतंय?" तर म्हणाले, "तुझी गोष्ट येगळी." वेगळी कशी, असं म्हणून मी त्यांना नावाड्याची आठवण करून दिली. त्याचा उजवा गेला, तरी त्याने डाव्याने माणसं पार नेली, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत ना? त्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि नाकातून एक आवाज काढला. तो हसण्यासारखा होता. मला त्याचा राग आला. त्यांचं वजन सहा किलो उतरलं होतं. डॉक्टर शुक्रवारी सांगून गेले की सोमवारपर्यंत पोटात नीट जायला लागलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात ती नळी घातली की निघेलच असं नाही. आज शनिवार होता. मी मनाशी ठरवलं होतं, सिनेमा ताजा बघायचा, एक एक प्रसंग लक्षात ठेवायचा आणि वर जाऊन सांगायचा. आणि आता समोर तो डावा हात गेला होता.

मग मला ती चादर दिसायला लागली. इथेच, याच जागेवर, चाळीच्या पटांगणात दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली. चादर म्हणजे काय, गिरणीतून स्वस्तात मिळालेलं मांजरपाट, दोन पट्टे मधोमध शिवलेले, त्यामुळे सिनेमातल्या प्रत्येक माणसाच्या अंगावरून एक शिवण जायची. गणपतीत दिवेलागणीनंतर सिनेमा असायचा. पुढची जागा पुरुषांनी आणि पोरांनी संध्याकाळीच धरलेली. बायका चुली उरकून येईपर्यंत पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून आम्ही पडद्याच्या मागे, जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचो. मांजरपाटातून चित्र आरपार दिसायचं, थोडं फिकं, पण दिसायचं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी कुडाळकडची, वीज सुद्धा मुंबईत येऊन पाहिलेली. सिनेमातली सगळी माणसं डाव्या हाताने जेवत. डाव्या हाताने कुंकू लावत, डाव्या हाताने आशीर्वाद देत. मला वाटलं, असेल बाई, शहरात मोठ्या लोकांची रीत असेल. माझ्या सासूबाई मात्र प्रत्येक जेवणाच्या प्रसंगाला तोंडात सुपारी फिरवत म्हणायच्या, "मेल्यांका वळणच नाय. आवशीन काय शिकवल्यान ह्यांका?" आणि सगळ्या पायऱ्या हसायच्या. हळूहळू मला कळलं की आपण मागून बघतो म्हणून तसं दिसतं. पण हे कळणं फक्त जेवणापुरतं आणि हसण्यापुरतं राहिलं. त्या नावाड्याचा हात गेला तेव्हा पायऱ्यांवर कुणी हसत नव्हतं. माझ्या शेजारच्या अंबिकाने माझा दंड धरला होता, आणि मी बघत होते की त्याचा उजवा गेला. जो हात गेला म्हणजे बाईमाणसाचं सगळं गेलं, तो.

कुशाबा तेव्हा पुढे होते. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, आणि मंडळाच्या कामात पुढे. पडदा बांधायचं काम त्यांचं. वारा आला की दोर सैल व्हायचा, म्हणून ते अख्खा सिनेमा बांबूपाशी दोर धरून उभे असायचे, पडद्यापासून चार हातांवर. त्या वर्षी हा सिनेमा दोनदा दाखवला, पाचव्या दिवशी आणि विसर्जनानंतर. म्हणजे त्यांनी तो दोनदा पाहिला होता, पुढून.

गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षं झाली आणि घरात पोरगा हाताशी आला नव्हता, तेव्हा मी मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटायच्या डंकावर जायला लागले. लोखंडी मुसळं एकामागून एक खाली पडतात, आणि दोन घावांच्या मधल्या वेळात हाताने मिरची आत सारायची. ते काम तालावर चालतं. ताल अंगात बसला की बाई गप्पा मारतामारता सारते. मीही सारायची. त्या दिवशी मला शिंक आली. एवढंच झालं. कुणाची चूक नव्हती, यंत्र नीट होतं, मालक भला होता, त्याने स्वतः टॅक्सी केली. परळच्या इस्पितळात जाग आली तेव्हा हाताला मोठं पांढरं गाठोडं होतं आणि आत बोटं झोंबत होती. मी नर्सला म्हटलं, बोटांना मिरची लागली आहे, धुवा. तिने माझ्याकडे बघितलं आणि चादर गाठोड्यावर ओढली. तेव्हा मला कळलं.

तिसऱ्या दिवशी कुशाबा खाटेपाशी बसले होते. संपाने माणूस निम्मा झाला होता, दाढी वाढलेली. मग का कोण जाणे, मला पडद्यावरची ती रिकामी बाही आठवली. मी म्हटलं, "ओ, तो नावाडी आठवता? गणपतीतलो?"

"कुठचो?"

"ज्याचो हात गेलो तो. त्याचो पण उजवोच गेल्लो ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही. खाली कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते पुढच्या खाटेपर्यंत जाईपर्यंत. मग म्हणाले, "होय. उजवोच."

"कोपरापासून."

"कोपरापासून. तुझा तर मनगाट हा, आंगठो हा. तुझा बरा."

"तरी होडी चलवल्यान?"

"चलवल्यान तर! मिया पुढे उभो हुतंय ना. मागसून तुमका काय दिसला असतला? अर्धा पिक्चर तुमका दिसूकच नाय."

आणि मग रोज संध्याकाळी येऊन ते मला न दिसलेला अर्धा सिनेमा सांगायला लागले. हा माणूस लग्नापासून माझ्याशी बोलला असेल ते सगळं मिळून एका आठवड्यात मावलं असतं. तो आता रोज एक प्रसंग सांगत होता. नावाडी शर्टाची बटणं कशी लावायला शिकला: वरून लावत आलं की चुकतं, म्हणून सगळ्यात खालचं आधी. गाठ कशी मारली: एक टोक दातात, दुसरं गुडघ्याखाली. नारळ कसा फोडला: पायात धरून. काडेपेटी कशी पेटवली: पेटी काखेत दाबून. रोज एक. मी घरी आल्यावरही ते चालू राहिलं. मी बटण लावायचे, रडायचे, फेकायचे, आणि ते दारात बसून म्हणायचे, "तो पण फेकी." मी विचारायचे, "किती दिवस?" ते म्हणायचे, "म्हयनोभर तरी." महिना झाला आणि माझं बटण लागलं. पुढच्या काळात जेवढं म्हणून मी केलं, पुड्या बांधल्या, दादरच्या घरोघरी मसाला पोचवला, पोराचं लग्न केलं, त्या सगळ्याच्या आधी तो नावाडी ते करून गेलेला असायचा. एक जेवणाचा प्रसंग मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. मी विचारलंही नाही. ते मी एकटीने, भिंतीकडे तोंड करून, माझं मीच शिकले.

आता पडद्यावर नावाडी झोपडीत पडून होता आणि त्याची बायको दिव्यात तेल घालत होती. उजव्या हाताने. मी वाट बघत होते. निदान बटणांचा प्रसंग येईल. हात डावा असला तरी बटणं लावावीच लागतील ना? पण एक गाणं सुरू झालं. गाण्यात पहाट झाली, नावाडी उठला, होडीकडे गेला, वल्हं पडलं, पुन्हा उचललं, बायको हसली, वल्हं खांद्याला बांधलं, आणि गाणं संपायच्या आत होडी नदीच्या मधोमध होती. तीन मिनिटं लागली असतील. मागे बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान वळवून मागे बघितलं, जणू उरलेला सिनेमा तिकडे असेल. तिकडे मुलं होती, त्यांचे आईबाप होते, कठडा होता. आणि पुढे पडद्याच्या मागे भिंत होती. आताच्या पडद्याला मागची बाजूच नसते.

मला आनंदीबाई आठवल्या. दादरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्याकडे मसाला द्यायची. पुडीवरचं नाव न वाचता वासाने आणि गाठीने पुड्या ओळखते हे त्यांनी हेरलं आणि एका दुपारी मला पाटीपाशी बसवलं. माझी चाळिशी उलटली होती. मी डाव्या हाताने क काढला तो उलटा. ख उलटा. पंधरा दिवस सगळं उलटं. बाई रागावल्या नाहीत. आतून हातात मावेल एवढा आरसा घेऊन आल्या आणि पाटीसमोर धरला. आरशात माझा क सरळ होता. "बघ सुभद्रा, तुला येतंय. फक्त तू पलीकडून लिहितेस." मला हसू आलं. मी त्यांना पडद्यामागच्या पायऱ्या सांगितल्या. सिनेमाचं नाव सुद्धा आम्हाला उलटं दिसायचं म्हणे, ज्यांना वाचता यायचं त्या सांगायच्या. बाई म्हणाल्या, "साहजिक आहे. मागून सगळंच उलटं दिसणार." सगळंच म्हणाल्या होत्या. मी त्यातली अक्षरं तेवढी घेतली आणि घरी आले. नावाड्याच्या हाताला मी कधी आरसा लावला नाही. कदाचित लावायचा नसेल. इतक्या वर्षांनी माणसाला स्वतःबद्दल इतकंही सांगता येत नाही.

म्हणजे कुशाबा खोटं बोलले होते. ते कळून मला आधी लाज वाटली, आपण किती सहज फसलो म्हणून. मग राग आला, थोडासा. दोन महिने मी त्यांना त्यांनीच रचलेली गोष्ट भक्तिभावाने ऐकवत होते, आणि ते भिंतीकडे तोंड करून हसत होते. कसे नाही हसणार? ज्याने बाहुली शिवली त्याला ती रात्री उठून चालते म्हणून कुणी भीती घालावी, तसं झालं होतं. पण तो राग टिकेना. कारण मला एकदम अंबिका आठवली. मी इस्पितळात असतानाची गोष्ट. ती मला बघायला आली होती आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली होती, "सुभद्रे, रागावू नको हां. तुझो घोव काल संध्याकाळी गॅलरीत बसलेलो. उजवो हात पाठीमागे धरून डाव्या हातान शर्टाची बटणां लावी. लावी आणि काढी. आमच्या ह्यांनी हाक मारली तर म्हणता, हात अवघडलो. संपान डोक्यावर परिणाम तर नाय ना झालो?" मी तेव्हा म्हटलं होतं, गिरणी बंद, हाताला काम नाही, बसला असेल चाळा करत. आणि विसरून गेले. चाळीस वर्षं ते अंबिकाचं बोलणं माझ्या आत कुठेतरी पडून होतं, एखादी पुडी फडताळाच्या मागे पडावी तसं, आणि आता तिचा वास आला.

खालचं बटण आधी लावायचं, हे बसल्या जागी रचून सांगता येत नाही. ते हाताला कळावं लागतं. गाठ गुडघ्याखाली धरायची, पेटी काखेत दाबायची, हे सगळं त्यांनी आधी स्वतः केलं होतं. दिवसभर करून बघायचं, जमलं की संध्याकाळी माझ्याकडे येऊन नावाड्याच्या नावावर सांगायचं. ज्या दिवशी जमलं नसेल त्या दिवशी काय करत असतील? मला आठवलं, काही दिवस ते यायचे आणि म्हणायचे, आज आठवत नाही, उद्या सांगतो. पडद्यावर पूर आला होता, नावाडी माणसं होडीत घेत होता, म्हातारी, बकरी, पाळणा, आणि मी रडत होते. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, सिनेमामुळे. सगळ्या गच्चीवर लोक डोळे पुसत होते, त्यात माझं कुणाला वेगळं दिसलं नाही. मी देवाला मानते, पण त्या वेळी देवाचं नाव आलं नाही. एक दाढी वाढलेला, काम गेलेला माणूस गॅलरीत बसून एका हाताने बटण लावतोय, एवढंच दिसत राहिलं. आपल्यासाठी कुणी एवढं करून ठेवावं आणि आपल्याला ते कळायला बहात्तरावं वर्ष लागावं. तरी बरं, कळलं. आजच कळलं, आणि माणूस वर आहे.

दिवे लागले. गौतमने माईक माझ्या हातात दिला. "काकी, दोन शब्द. बिनधास्त बोला." समोर सगळे माझ्या पंजाकडे बघत होते, आणि मी डाव्या हातात माईक धरला होता. खरं सांगावं तर वरच्या माणसाचं गुपित फुटलं असतं, आणि खोटं मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "हा सिनेमा मी तेव्हा अर्धाच पाहिला होता. उरलेला मला घरी सांगितला. घरी सांगितलेला जास्त चांगला होता." लोक हसले, टाळ्या वाजल्या. गौतम वाट बघत राहिला. मी म्हटलं, "आता मला सोड बाबा. आमच्याकडे जेवण व्हायचं आहे."

रुपालीने दार उघडलं. "आई, बाबांनी सकाळपासून दोन घास पण नीट नाही घेतले. मी आणि हे दोघं सांगून थकलो. तुमची वाट बघतायत बहुतेक. मला विचारलं, पिक्चर संपला काय?" मी शाल तिच्याकडे दिली. "भात मऊ केलास? दे दोन ताटात. चमचा नको." ती बघायला लागली. "दे गं," मी म्हटलं, "आणि तुम्ही दोघं जरा आत बसा."

कुशाबा उशीला टेकून बसले होते. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. ताटं मध्ये. खिडकीतून खालचा पडदा गुंडाळल्याचा आवाज येत होता.

"डावो हुतो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "कोण म्हणता?"

"कोण कशाक म्हणतला? डोळ्यांनी बघलंय. पुढे बसान."

जड जिभेने एक एक शब्द जुळवत ते म्हणाले, "मागसूनच बघूक व्हया हुता तुया."

"बटणांचो शीन नाय त्यात."

"नाय?"

"गाठीचो नाय. नारळाचो नाय. काडेपेटीचो नाय. सगळा एका गाण्यात."

त्यांनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. अर्ध्या तोंडाला हसू येत होतं, अर्धं तसंच. "कापली असतीत. आता जुनी पिक्चरां कापून दाखवतत."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी त्यांचा डावा हात हातात घेतला. दोन महिने तो पांघरुणावर पाहुण्यासारखा पडून होता. मी म्हटलं, "अंबिकान बघल्यान तुमका. गॅलरीत. तेव्हाच सांगितला हुता माका, माझ्या टाळक्यात शिरूक नाय. ह्यो हात शिकलेलो हा. चौऱ्याऐंशी साली शिकलोहा. माझ्या आधी." ते त्या हाताकडे बघत राहिले, जणू कुणी जुन्या ओळखीचा माणूस दारात आला आहे. मग मान हलवली. "जेवूक नाय शिकलंय. ता जमूक नाय माका. भातान फजिती केल्यान, म्हणान तुका सांगूक नाय."

तेव्हा मला कळलं की तो एक प्रसंग का राहिला होता, आणि तो सांगायचा कुणी होता. मी भाताचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं, माझं ताट उचललं आणि समोर बसून घास घ्यायला गेले. त्यांनीही बघून हलायचा प्रयत्न केला, पण हलला तो त्यांचा उजवा खांदा, मेलेला. समोरून माझा डावा त्यांना उजव्या बाजूला दिसत होता. मी उठले. स्टूल फिरवून खाटेच्या कडेला नेलं आणि त्यांच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लावून, तोंड एकाच दिशेला. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली. आम्ही कधी पडद्याच्या एका बाजूला बसलो नव्हतो.

"सांगतंय," मी म्हटलं. "पयल्या दिवशी नावाड्यान बोटां भातात घातली. भात हाताक लागलो, पण हातात येय ना."

"मगे?"

"मगे त्यान कालवण कमी केल्यान आणि घट्ट मूद केल्यान. ताटाच्या काठाक दाबून. असो."

मी दाबला. त्यांची बोटं ताटात उतरली. सुरकुतलेली, पण साच्यावर तुटका धागा जोडताना जशी वळायची तशी वळली. भात थोडा चादरीवर सांडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले.

"तेच्यान पण सांडल्यान?"

"निम्म्याच्या वर."

"फुडचा सांग."

"मगे घास उचलल्यान. वर आणल्यान. तोंड खंय असता ता डाव्या हाताक ठावकच नसता. म्हणान पयलो घास हनवटीक लागलो."

माझ्या शेजारी हात वर यायला लागला. हळूहळू, वाटेत थांबत. खाली कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. घास वर आला, चुकला आणि हनुवटीला लागला. भाताची दोन शितं त्यांच्या पांढऱ्या दाढीत अडकून राहिली.

"बरोबर," मी म्हटलं. "अगदी अस्सोच."